चेकचे खाते: निवड आणि सुरुवात

ठेव की कर्ज?

पूर्वी काशीयात्रेला निघालेला गृहस्थ आपली दागिन्यांची पेटी गावातील विश्वासू माणसाकडे ठेवून जात असे. यात्रेहून परतल्यावर तीच पेटी आणि तेच दागिने त्याच्या हाती पडत. ठेव सांभाळणाऱ्याला पेटीतील एकही वस्तू वापरण्याचा अधिकार नसे. बँकेत भरलेल्या पैशालाही ‘ठेव’ हाच शब्द रूढ झाला आहे. त्यामुळे आपले पैसे बँकेच्या तिजोरीत कुठेतरी आपल्या नावाने बाजूला ठेवलेले असतात, अशी पुष्कळांची कल्पना असते.

वस्तुस्थिती निराळी आहे. खिडकीतून आत गेलेली नोट त्याच क्षणी बँकेच्या मालकीची होते. तिचे बँकेने काय करावे, हे खातेदार सांगू शकत नाही. त्याच्याजवळ उरतो तो एक हक्क: तेवढीच रक्कम मागताक्षणी परत मिळण्याचा. १८४८ साली ‘फोली विरुद्ध हिल’ या खटल्यात इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने हे तत्त्व स्पष्ट केले, आणि भारतातील न्यायालयांनीही ते मान्य केले आहे. बँक ही विश्वस्त नव्हे, ती ऋणको आहे आणि खातेदार तिचा धनको. १९४९ च्या बँकिंग नियमन कायद्यातील बँक-व्यवसायाची व्याख्याही हेच सांगते. कर्जे देण्यासाठी किंवा गुंतवणूक करण्यासाठी लोकांकडून ठेवी स्वीकारणे, आणि त्या मागणीनुसार किंवा अन्य रीतीने परत करण्याजोग्या व चेक, ड्राफ्ट वा आदेशाने काढता येण्याजोग्या असणे, हे त्या व्यवसायाचे लक्षण आहे.

तेव्हा खाते उघडणे म्हणजे एका संस्थेला कर्ज देण्याचा करार करणे होय. पहिल्या पगाराच्या वेळी कचेरीतून मिळालेल्या अर्जावर घाईघाईने दहा ठिकाणी सह्या करणारा तरुण कर्मचारी हा करार न वाचताच करीत असतो. कोणालाही हातउसने पैसे देताना माणूस चार गोष्टी पाहतो: घेणारा कोण आहे, तो परत कधी देईल, मागायचे कसे, आणि देणाऱ्याचे काही बरेवाईट झाले तर ते कोणाला मिळतील. बँकेतील खाते निवडताना आणि उघडताना हेच चार प्रश्न विचारावयाचे असतात.

चेक म्हणजे आज्ञा

या कर्जाची मागणी करण्याचे एक जुने साधन म्हणजे चेक. चेक ही रक्कम नव्हे आणि नुसते वचनही नव्हे. खातेदाराने बँकेला दिलेली ती लेखी आज्ञा आहे. ‘माझे जे पैसे तुमच्याकडे येणे आहेत, त्यांतून अमुक व्यक्तीला अमुक रक्कम द्या,’ एवढाच तिचा अर्थ. १८८१ च्या पराक्राम्य संलेख कायद्याने चेकची व्याख्या आणि त्यासंबंधीचे हक्क व जबाबदाऱ्या ठरविल्या, आणि हाच कायदा वेळोवेळी झालेल्या दुरुस्त्यांसह आजही लागू आहे.

चेक ही आज्ञा आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे पुष्कळशा नियमांचे मर्म उलगडते. खात्यात पुरेशी रक्कम असूनही बँकेने विनाकारण चेक परत केला, तर त्यामुळे होणाऱ्या नुकसानीची भरपाई तिने खातेदाराला केली पाहिजे. कारण तिने धनकोची योग्य आज्ञा मोडलेली असते. उलट सही बनावट असेल, तर ती खातेदाराची आज्ञाच ठरत नाही, आणि अशा कागदावर दिलेली रक्कम बँकेला त्याच्या नावे टाकता येत नाही. १९८७ साली भारताच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात एका कंपनीच्या हिशेबनिसाने ४२ चेकवर व्यवस्थापकीय संचालकाची खोटी सही करून पैसे काढले होते. कंपनीने बँकेकडून येणारे हिशेब वेळीच तपासले नाहीत, असा बँकेचा बचाव होता. न्यायालयाने तो फेटाळला आणि ती रक्कम बँकेने भरून द्यावी, असा निर्णय दिला.

ज्याच्या हाती अशी आज्ञा देण्याचा अधिकार आहे, त्याच्यावर जबाबदारीही येते. पुरेशी शिल्लक नसताना दिलेला चेक न वटता परत आल्यास १ एप्रिल १९८९ पासून तो फौजदारी गुन्हा ठरू शकतो. हा चेक एखादे देणे फेडण्यासाठी दिलेला असला पाहिजे. चेक परत आल्याचे कळल्यापासून ३० दिवसांच्या आत घेणाऱ्याने लेखी नोटीस द्यावी लागते, आणि नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे दिले तर खटला उभा राहत नाही. अन्यथा दोन वर्षांपर्यंत कारावास, किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. म्हणून चेकबुक हाती आल्यावर आपल्या खात्यातील शिल्लक किती, हे जाणणे खातेदाराचे कर्तव्य ठरते.

बचत खाते आणि चालू खाते

भारतात चेकने व्यवहार करण्यासाठी दोन प्रकारची खाती प्रचलित आहेत. चालू खाते व्यापारी, कारखानदार आणि संस्था यांच्यासाठी असते. त्यातून दिवसाला कितीही वेळा पैसे काढता-भरता येतात आणि बँकेशी ठरल्यास शिलकेपेक्षा अधिक रक्कमही उचलता येते. मात्र त्यावर व्याज मिळत नाही. बचत खाते व्यक्तींसाठी असते. त्यावर व्याज मिळते, परंतु पैसे काढण्याच्या संख्येवर बँक मर्यादा घालू शकते, आणि धंद्याचे व्यवहार त्यातून करणे अपेक्षित नसते. पगारदार, निवृत्त, गृहिणी किंवा विद्यार्थी यांना बचत खातेच योग्य. दुकान चालविणाऱ्याने मात्र घरचा आणि दुकानाचा पैसा एका खात्यात मिसळू नये. वर्षअखेर हिशेब करताना ही सरमिसळ फार महाग पडते.

बचत खात्यावरील व्याज पाहून बँक निवडावी काय? एके काळी हा प्रश्नच उद्भवत नसे. रिझर्व्ह बँक सर्व बँकांसाठी एकच दर ठरवून देत असे. २५ ऑक्टोबर २०११ पासून हा दर ठरविण्याची मोकळीक बँकांना मिळाली, आणि बँकाबँकांत फरक दिसू लागला. व्याज मोजण्याची रीतही त्याआधी बदलली होती. ३१ मार्च २०१० पर्यंत महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतची सर्वांत कमी शिल्लक धरून व्याज आकारले जाई. एखाद्याच्या खात्यात महिनाभर ५,००० रुपये असले, पण २० तारखेला त्याने ४,९०० रुपये काढून २५ तारखेला पुन्हा भरले, तर त्या महिन्याचे व्याज त्याला केवळ १०० रुपयांवर मिळे. १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिलकेवर व्याज मोजले जाते, आणि पैसे बाहेर असलेल्या दिवसांपुरतेच ते कमी होते.

तरीही व्याजाच्या दरातील फरकाला फार महत्त्व देऊ नये. दहा हजार रुपयांच्या शिलकेवर अर्ध्या टक्क्याचा फरक म्हणजे वर्षाला पन्नास रुपये. किमान शिल्लक न राखल्याबद्दल होणारी एकच आकारणी हा लाभ गिळून टाकू शकते. म्हणून अर्ज भरण्यापूर्वी पुढील बाबी लेखी मागाव्यात: किमान शिल्लक किती आणि ती रोजची मोजतात की सरासरीची, चेकबुकातील किती पाने विनामूल्य मिळतात, चेक न वटल्यास किती आकार पडतो, कार्डाची वार्षिक फी किती. काही बँकांनी किमान शिलकेचा दंड सोडून दिला आहे, काहींनी तो कायम ठेवला आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार हा दंड जितकी रक्कम कमी पडली असेल त्या प्रमाणात असावा लागतो, आणि केवळ अशा दंडामुळे खात्यातील शिल्लक शून्याच्या खाली जाता कामा नये. ज्याला कोणतीही किमान शिल्लक राखणे अवघड आहे, त्याने मूलभूत बचत खाते मागावे. २०१२ पासून या नावाने चालू असलेल्या खात्याला किमान शिलकेचे बंधन नाही. २८ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झालेल्या जनधन योजनेतील खातीही याच जातीची आहेत.

बँक कोणती?

कर्ज घेणारा कोण आहे, हा धनकोचा पहिला प्रश्न. १९६० साली लक्ष्मी बँक आणि केरळातील पलाई सेंट्रल बँक बुडाल्या, तेव्हा असंख्य लहान ठेवीदारांना या प्रश्नाचे गांभीर्य कळले. त्यानंतर ठेव विम्याचा कायदा होऊन १ जानेवारी १९६२ पासून विमा सुरू झाला. त्या वेळी प्रत्येक ठेवीदाराला १,५०० रुपयांपर्यंत संरक्षण होते. ही मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढत १९९३ मध्ये एक लाख आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख रुपये झाली.

या वाढीपूर्वी काही महिन्यांचीच घटना बोलकी आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईतील पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, आणि प्रारंभी प्रत्येक खातेदाराला केवळ एक हजार रुपये काढण्याची मुभा राहिली. ही मर्यादा पुढे वाढविण्यात आली, आणि जानेवारी २०२२ मध्ये ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली. परंतु मधल्या काळात घरभाडे, शाळेची फी आणि औषधपाणी यांसाठी ठेवलेला पैसा अडकून पडला. आपला पैसा तिजोरीत आहे असे मानणाऱ्या माणसाला, प्रत्यक्षात आपण केवळ धनको आहोत, हे अशा प्रसंगी कळते. २०२१ च्या दुरुस्तीनुसार अशा निर्बंधांनंतर ९० दिवसांच्या आत विम्याच्या मर्यादेपर्यंतची रक्कम ठेवीदाराला मिळावी, अशी तरतूद झाली.

विम्याची मर्यादा एका ठेवीदाराला एका बँकेत लागू होते. त्याच बँकेच्या तीन शाखांतील खाती एकत्र मोजली जातात, आणि मुद्दल व व्याज मिळून ही मर्यादा असते. तेव्हा पाच लाखांहून अधिक रक्कम असल्यास ती एकाहून अधिक बँकांत ठेवण्यात शहाणपण आहे. आणखी एक भेद महाराष्ट्रातील वाचकाने विशेष लक्षात ठेवावा. सहकारी बँकेतील ठेवींना हा विमा लागू होतो. सहकारी पतसंस्थेतील ठेवींना तो लागू होत नाही. पाटीवर ‘बँक’ हा शब्द आहे की ‘पतसंस्था’, हे खिडकीपाशी जाण्यापूर्वी वाचावे.

सुरक्षितता पारखल्यावर सोय पाहावी. घराजवळची किंवा कचेरीजवळची शाखा, आपल्या भाषेत बोलणारे कर्मचारी आणि गर्दीचे दिवस यांचा विचार व्याजाच्या दराइतकाच महत्त्वाचा आहे. पैसे दूरध्वनीवरून पाठविण्याची सोय आज घरोघरी पोहोचली असली, तरी वारसाचा दावा आणि सहीतील फरक असे प्रश्न बहुधा शाखेतच सोडवावे लागतात.

अर्ज आणि ओळख

बँकेला खातेदाराच्या ओळखीची एवढी चौकशी का करावी लागते? याचे कारण केवळ सरकारी नियम हे नव्हे. समजा, टपालातून एखाद्याचा चेक चोरीला गेला. चोराने त्याच माणसाचे नाव सांगून एखाद्या बँकेत खाते उघडले आणि तो चेक तेथे भरला. अशा वेळी पैसे गोळा करून देणाऱ्या बँकेला कायदा संरक्षण देतो. पण तिने सद्भावाने आणि निष्काळजीपणा न करता काम केले असेल तरच. म्हणूनच पूर्वी जुन्या खातेदाराची ओळख आणल्यावाचून नवे खाते उघडत नसत. परगावी नोकरीला गेलेल्या माणसाला अशी ओळख मिळवणे म्हणजे मोठेच संकट असे.

ती पद्धत आता मागे पडली आहे. तिची जागा कागदपत्रांनी घेतली आहे. आधार, पासपोर्ट, वाहन चालविण्याचा परवाना, मतदार ओळखपत्र किंवा रोजगार हमी योजनेचे कार्ड यांपैकी एखादे कागदपत्र ओळख आणि पत्ता यांसाठी चालते. त्याबरोबर प्राप्तिकर खात्याचा पॅन क्रमांक, आणि तो नसल्यास विहित नमुन्यातील ६० क्रमांकाचे निवेदन द्यावे लागते. दहा वर्षांवरील सज्ञान न झालेल्या मुलालाही, बँकेने ठरविलेल्या मर्यादेत, स्वतःच्या सहीने खाते चालविण्याची परवानगी मिळू शकते.

अर्जातील सर्वांत महत्त्वाची जागा म्हणजे नमुना सही. पुढे येणारी प्रत्येक आज्ञा खरी की खोटी, हे याच सहीशी ताडून पाहिले जाते. म्हणून जी सही हाताला सवयीची आहे आणि दहा वर्षांनीही तशीच येईल, तीच करावी. ती मराठीत केली तरी चालते, आणि चेकवरील मजकूरही इंग्रजी, हिंदी किंवा प्रादेशिक भाषेत लिहिता येतो. बँकेत इंग्रजीच चालते, या समजुतीने परक्या लिपीत अडखळत केलेली सही पुढे पुन्हा जुळत नाही, आणि चेक परत येतो.

खाते दोघांचे असेल, तर ते कसे चालवावयाचे हे अर्जावर स्पष्ट लिहावे. ‘दोघांनी मिळून’ असे लिहिल्यास प्रत्येक चेकवर दोन्ही सह्या लागतात. ‘दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहणारा’ या प्रकारात कोणा एकाची सही पुरते, आणि एकाच्या मृत्यूनंतर दुसऱ्याला बँक रक्कम देऊ शकते. ‘पहिला किंवा मागे राहणारा’ असे असल्यास पहिला हयात असेपर्यंत खाते तोच चालवितो. पतीचे नाव पहिले असलेल्या अशा खात्यात पत्नीचे नाव असूनही, पती इस्पितळात असताना तिला पैसे काढता येत नाहीत. घाईत केलेल्या या एका खुणेने कुटुंबावर केवढा प्रसंग येऊ शकतो, याचा विचार अर्ज भरतानाच करावा.

मागे राहणाऱ्यांसाठी

खातेदाराच्या मृत्यूनंतर पैसे कोणाकडे द्यावे, हे त्याला नामनिर्देशनाने ठरविता येते. बँकिंग कायद्यात ही तरतूद १९८३ च्या दुरुस्तीने आली. पूर्वी एकाच व्यक्तीचे नाव देता येत असे. १ नोव्हेंबर २०२५ पासून चार व्यक्तींपर्यंत नावे देता येतात. मात्र नामनिर्देशित व्यक्ती ही मालक नव्हे. बँकेकडून रक्कम स्वीकारणे एवढाच तिचा अधिकार. ती रक्कम पुढे मृत्युपत्रानुसार किंवा वारसा कायद्यानुसार ज्यांची त्यांनाच जाते. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने बँक-खात्यासंबंधी हे स्पष्ट केले आहे. नामनिर्देशन असले म्हणजे बँकेकडून पैसे सुटे होण्यात विलंब होत नाही. परंतु ते मृत्युपत्राची जागा घेत नाही.

हा रकाना रिकामा सोडणारे खातेदार थोडे नाहीत. पुढे खाते विसरले जाते. दोन वर्षे खातेदाराने व्यवहार केला नाही, तर ते निष्क्रिय गणले जाते. दहा वर्षे उलटली की त्यातील रक्कम २०१४ साली स्थापन झालेल्या ठेवीदार शिक्षण व जागृती निधीकडे वर्ग होते. हक्क मात्र तेथेही नष्ट होत नाही. खातेदार किंवा त्याचे वारस बँकेकडे दावा करू शकतात, आणि अशा रकमांचा शोध घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२३ साली ‘उद्गम’ ही सोयही उपलब्ध करून दिली. तथापि ज्या वारसांना खाते होते हेच ठाऊक नाही, ते काय शोधणार? खाते उघडले त्या दिवशीच घरातील एका माणसाला बँक आणि शाखा सांगून ठेवावी.

खाते हाती आल्यावर

चेक लिहिताना अक्षरी रक्कम डाव्या कडेपासून सुरू करावी आणि उरलेल्या जागेत रेघ ओढावी. दुसऱ्याला पाठवावयाचा चेक रेखांकित करावा, म्हणजे तो रोख वटत नाही, खात्यातच जमा होतो. ‘फक्त खात्यात जमा’ असे लिहिल्यास तो ज्याच्या नावे आहे त्याच्याच खात्यात जातो. आता चेकचा कागद प्रवास करीत नाही, त्याची प्रतिमा पुढे जाते; त्यामुळे तारखेची दुरुस्ती वगळता अन्य खाडाखोड केलेला चेक या व्यवस्थेत चालत नाही. चूक झाल्यास नवे पान घ्यावे. १ एप्रिल २०१२ पासून चेकची मुदत सहा महिन्यांऐवजी तीन महिने झाली आहे, हेही विसरू नये. कोऱ्या चेकवर सही करून तो कोणाजवळही ठेवू नये. रक्कम न लिहिलेली आज्ञा देण्यासारखेच ते आहे.

पासबुक दर महिन्याला भरून आणावे आणि वाचावे. न ओळखीची नोंद दिसताच त्याच दिवशी बँकेला कळवावे. कार्ड किंवा दूरध्वनीवरून झालेल्या फसवणुकीच्या बाबतीत तर दिवसांना मोल आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने असे ठरविले की, चूक खातेदाराचीही नाही आणि बँकेचीही नाही अशा प्रकरणात, सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत तक्रार केल्यास खातेदारावर तोशीस पडू नये. तक्रारीची पोच घ्यावी. तीस दिवसांत बँकेने दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य जाता येते.

बँकेच्या दारात शिरताना सामान्य माणूस बहुधा दबलेला असतो. उंच काउंटर, छापील नमुने आणि लांबलेली रांग यांच्यापुढे आपण काही मागावयास आलो आहोत, असे त्याला वाटते. वस्तुतः कर्ज देणारा तो आहे. अर्ज वाचण्यासाठी वेळ घेण्याचा, आकाराचा तक्ता मागण्याचा आणि न समजलेले कलम विचारण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. सही मात्र त्यानंतरच करावी.